बाजूला बसवलेली जाळी

८ फेब्रुवारी

खताच्या दुकानदारानं ह्यांना डायरी दिली. हे काय लिहिणार, ह्यांना बोलायचाच कंटाळा. मी दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून मीच घेतली. पहिल्या पानावर देवाचा फोटो हाय अन दुसऱ्या पानावर दुकानदाराचा, देवापेक्षा मोठा.

लिहिण्यासारखं असं की आज जाळी उभी राह्यली. विहिरीजवळच्या तुकड्यात लोखंडी पाइपाचे खांब, वरून अन चारी बाजूनं हिरवी जाळी. शेडनेट म्हणतेत तिला, आम्ही जाळीच म्हणतो. सगळं डोकं सूनबाईचं. राजनंदिनी तिचं नाव. हाक मारेपर्यंत चहा निवून जातो, म्हणून मी नंदा म्हणते. ती मला आत्याबाई म्हणती. तिच्या माहेराकडं घरोघरी बियाण्याचे प्लॉट, पोरगी जाळीतच वाढलेली. तिचं म्हणणं असं की उन्हाळ्यात कुणाच्या रानात भाजी टिकत न्हाई, सगळं करपतं. जाळीत सावली अन वल धरली तर काकडी अन कारलं ऐन मे महिन्यात निघतं.

माझं लक्ष काकडीवर न्हाई, कल्याणवर हाय. माझं पोरगं जालन्याला लोखंडाच्या कंपनीत भट्टीपाशी काम करतंय. मागल्या खेपेला आला तर भुवया जळालेल्या. विचारलं तर म्हणला, "काही न्हाई माय, येतेत परत." लग्नाला चार वर्षं झाली, नवरा तिकडं, बायको इकडं, पाळणा कुठून हलणार? त्यानं बापाला साफ सांगितलंय, ह्या उन्हाळ्यात जाळी चालली तर तो कंपनी सोडून घरी येणार. न्हाई चालली तर नंदाला घेऊन जुन्या जालन्यात खोली करणार. मंग गाव फक्त सणाला.

एकुलता एक हाय माझा. जाळी चालली पाहिजे, बस.

२५ फेब्रुवारी

रोपं लागली. सकाळी मी जाळीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. अन सगळ्यांसमोर नेम सांगून टाकला. बाजूला बसलेल्या बाईनं ह्या दारातून आत पाय टाकायचा न्हाई. घरची असो का रोजंदारीची. चार दिवस म्हणजे चार दिवस. काकडी, कारलं, पानवेल, ह्यांना विटाळ बिलकुल चालत न्हाई. नुसती सावली पडली तरी वेल पिवळा पडतो. मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

नंदा खाली बसून ठिबकची नळी सरळ करत व्हती. मान वर न करता म्हणली, "आत्याबाई, आमच्याकडं प्लॉटवर तसलं काही पाळत न्हाईत. पाळलं तर कामच व्हणार न्हाई. फुलं काय आपली वाट बघत बसतेत का?"

"तुमच्याकडचं तुमच्याकडं," मी म्हणले. "इथं माझं घर हाय."

तिनं नळी परत हातात घेतली. पोरगी भांडत न्हाई, हे तिचं चांगलं. कधी कधी वाटतं थोडं भांडावं, म्हणजे मनात काय हाय ते तरी कळंल. हे पलीकडं बैलाला पाणी दाखवत उभे व्हते. ह्यांनी हो म्हणलं न्हाई अन न्हाई पण म्हणलं न्हाई. धर्मराज नाव ठेवलंय ह्यांच्या बापानं, कोणत्या धर्माचं राज्य करतेत ते त्यांनाच ठाऊक.

१६ मार्च

आज आत जाऊन आले. बाहेर ऊन भाजतं, पण घाम निदान वाळतो तरी. आत वाळतच न्हाई. वरून फवाऱ्याचं धुकं, खाली ओली माती, वल्ल्या घोंगडीत डोकं घातल्यासारखं व्हतं. नंदा दिवस उगवायला आत जाती ती ऊन चढल्यावर बाहेर येती. झंपर पिळला तर तांब्याभर पाणी निघंल.

वेल सुतळीवरून चांगले छातीपर्यंत चढलेत. पानांवर पांढरी भुरी आल्ती. वलीनं येती म्हणे. नंदानं माझं आंबट ताक नेऊन पानांवर फवारलं. कढीला थेंब ठेवला न्हाई. पण भुरी गेली, हे खरं बोललं पाहिजे.

२७ मार्च

फुलं आली. पिवळी धमक, सगळ्या जाळीत. अन आजच नंदाला कावळा शिवला. नशीब बघा कसं असतं.

सकाळी ती अंगणात उभी राहून म्हणली, "आत्याबाई, मला आज बसायचं हाय. पण फुलं उमललीत. जाळीत मधमाशी शिरत न्हाई, हातानंच करावं लागतं. नर फूल तोडून मादी फुलाला लावायचं. रोज सकाळी. दुपारी फूल मिटतं, ते परत उघडत न्हाई."

मी म्हणले, "काकडी देव देतो. तू चार दिवस न्हाई गेलीस तर देव काय संपावर जाणार हाय?"

"मंग तुम्ही कराल का? मी दाखवते."

दाराबाहेर बसूनच तिनं मला लांबून दाखवलं. ज्याच्या मागं बोटाएवढी बारकी काकडी असती ती मादी, ज्याच्या मागं नुसती काडी तो नर. नराच्या पाकळ्या काढायच्या अन आतली पिवळी पूड हिच्या मधोमध लावायची. मी गेले आत. चष्म्यावर वाफ धरली, नर कोणता अन मादी कोणती काही दिसंना. दोन-चार लावली असतील. खरं सांगायचं तर लाजच वाटली. ह्या वयात काय फुलांची लग्नं लावत हिंडायचं? आले बाहेर.

नंदा लांबून बघत व्हती.  किती लावली ते मी तिला सांगितलं न्हाई.

३१ मार्च

काल पाडव्याला कल्याण आल्ता. गुढी उभारली, जेवला अन जाळीत गेला. बाहेर आला तो हातात पिवळी पडलेली बारकी काकडी घेऊन. सगळ्या तशाच गळून पडायल्या. हात लावला की खाली.

"पहिल्या फुलांचा बार गेला, माय," म्हणला.

मला तर ताबडतोब कळलं काय झालं ते. परवा पुष्पाबाई, आमची शेजारीण, जाळी बघायला म्हणून आत शिरली व्हती. ती चार दिवस पाळत न्हाई, हे सगळ्या गावाला माहीत हाय. मी विहिरीवर तिला चांगलं सुनावलं. ती म्हणली, "दैवशालाबाई, मी दारातूनच बघितलं, तुमच्या काकडीला मी शिवले पण न्हाई." मी म्हणले, सावली तर पडली का न्हाई? तिनं घागर उचलली अन गेली. बोलणं बंद झालं, बरं झालं.

कल्याण जाताना नंदाला काहीतरी समजावत व्हता. अन मला म्हणला, "अजून एक बार बघू. तो बी गेला तर मी नंदाला घेऊन जातो."

मी देवीला बोलले. बाई, माझं लेकरू त्या भट्टीवरून उठव, तुझी पाच काकड्यांनी ओटी भरीन.

१८ एप्रिल

काकडी लागली. तोडणी सुरू हाय, एक दिवसाआड जीपवर क्रेट चढून राह्यलेत. नंदाच्या बोटांना पिवळा रंग बसलाय, भाकरीचं पीठ मळताना बी जात न्हाई. मी तिला म्हणले, हळद लागलेल्या नवरीसारखे हात झाले. ती हसली. तिचं हसू चांगलं हाय, कमी हसती.

२८ एप्रिल

लिहावं का न लिहावं. लिहिते, माझीच डायरी हाय.

नंदा ह्या महिन्यात बसली न्हाई.

मी काही बोटं मोजत न्हाई, पण सासूच्या ध्यानात राहतंच. तारीख येऊन गेली. रोज पहाटे ती आपली जाळीत. अन दुसऱ्या खुणा बी हायेत. परवा बांधावर बसून पोट धरून व्हती. विचारलं तर म्हणली, "थोडं दुखतंय, थांबंल." ओव्याचं पाणी मागितलं. कंबर धरून चालती. आम्ही उठायच्या आधी अंधारातच आंघोळ करती. मला बी कल्याणच्या वेळी असंच गरम व्हायचं. काल म्हणले, देवाजवळ दिवा लाव, तर म्हणली, "तुम्हीच लावा आत्याबाई, माझे हात मातीचे हायेत." एवढी दमली की देवाकडं बी जाववत न्हाई बिचारीला.

मी विचारलं न्हाई. पहिलं पहिलं विचारायचं नसतं, दृष्ट लागती. पण मला आता सगळं कळलं. काकडी का लागली ते बी. पोटुशी बाईचा हात लागल्यावर वेल दुपटीनं धरतो. जाळी नुसती लदबदलीय. कारल्याचे तर झुंबर झालेत.

चार वर्षं. देवा, चार वर्षं झाली.

३० एप्रिल, आखाजी

कल्याण आला. आंब्याचा रस, पुरण, सगळं केलं. पितरांचं झाल्यावर मी त्याला बाजूला घेऊन म्हणले, "आता तिला जपत जा. जीपमधून नेऊ नको, गचके बसतेत."

तो माझ्याकडं बघत राह्यला. मंग नंदाकडं बघितलं. नंदा ताट उचलून आत गेली. बराच वेळ दोघं आतल्या खोलीत कुजबुजत बसले. मंग तो बाहेर येऊन म्हणला, "माय, एवढ्यात कुणाला काही बोलू नको."

म्हणजे मी बरोबर व्हते. मी म्हणले, मी कशाला बोलते? पण तोंड कुठं झाकावं कळंना. पुष्पाबाईकडं पुरणाची पोळी घेऊन गेले. अबोला मोडायला काहीतरी गोड लागतंच. तिला सांगितलं, फक्त तिलाच. तिनं माझ्या डोळ्यात पाणी बघून स्वतःचे डोळे पुसले. वाईट न्हाई तशी ती.

अन सगळ्यात मोठं तर राह्यलंच. कल्याणनं कंपनीत सांगून टाकलंय. जूनपासून तो घरी.

४ मे

देवीची ओटी भरून आले. बोलल्याप्रमाणे पाच काकड्या, ताज्या, काटेरी, देठासकट. मी स्वतः निवडल्या. गुरवीण म्हणली, ह्या दिवसांत अशा काकड्या कुठून आणल्या? मी म्हणले, सुनेच्या हाताच्या हायेत.

५ मे

आजपासून नंदाला जाळी बंद केली. दुसरा लागला असंल, अन हा असला उकाडा. आत बाई सरळ उभी राहू शकत न्हाई. काल पाठीवर पंप घेऊन निघाली व्हती, मी पट्टा धरून खाली उतरवला. रोजानं दोन बाया लावते म्हणले, मी देखरेख करते, तू पाय वर करून पड.

ती म्हणली, "आत्याबाई, मला काही झालेलं न्हाई."

"पहिलटकरणीला काय कळतंय," मी म्हणले.

"फुलं उमललीत. नवा बार हाय हा. न्हाई गेले तर पुढचा माल न्हाई."

मी म्हणले माल गेला खड्ड्यात. मला एवढं चांगलं वाटलं ते म्हणताना. तिच्या हातातली पपई बी काढून घेतली. खात बसली व्हती खुशाल.

७ मे

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी मी काकडीची कोशिंबीर करायला बसले व्हते. हे भाकरी खात व्हते. नंदा दोन दिवस नुसती पाणी देण्यापुरती जाळीत जाऊन माघारी येत व्हती, आज ती येऊन माझ्यासमोर बसली.

"आत्याबाई, मला दिवस गेलेले न्हाईत."

मला आधी वाटलं, पडलं. मी तिचा हात धरला. तर म्हणली, "पडलं बिडलं न्हाई. नव्हतंच कधी."

"मंग गेल्या महिन्यात बसली का न्हाईस?"

"बसले असते तर फुलं गेली असती. मार्चमध्ये गेली तशी."

मला समजायला वेळ लागला. काकडी हातातच राह्यली. म्हणले, "म्हणजे तू तसल्यात आत गेलीस."

"रोज गेले. चारी दिवस. तुम्ही किसायल्या ती काकडी तेव्हाचीच हाय, आत्याबाई. बघा की. काही झालं का तिला?"

"अन देवीला वाहिलेल्या?"

ती म्हणली, "त्या बी. पण मी देवाला शिवले न्हाई. दिव्याला शिवले न्हाई. तेवढं तुमचं पाळलं. मला सांगायचं व्हतं तुम्हाला, पण तुम्ही एवढ्या खुश व्हता. कल्याण म्हणले, तोडणी उरकू दे, मंग सांगू. पण तुम्ही मला आत जाऊ द्यायना. आता जाऊ द्या. फुलं मिटतील."

मी ह्यांच्याकडं बघितलं. "तुम्हाला माहीत व्हतं?"

हे म्हणले, "दोरीवरचे कपडे दिसतेत माणसाला."

म्हणजे सगळ्यांना माहीत व्हतं. लेकाला, नवऱ्याला. मी एकटीच पोळ्या वाटत हिंडले. गावभर हसं. देवीच्या पायाशी विटाळाची काकडी ठेवली मी, माझ्या हातानं, अन वर सांगितलं सुनेच्या हाताची हाय म्हणून.

ती म्हणती, काही झालं का काकडीला? काही झालं न्हाई. हेच मला सहन व्हईना. मी उभी जवानी गोठ्यात बसले. पोत्यावर. पावसात, थंडीत, एकदा तर अंगात ताप असताना. विंचू निघाला तर ओरडायची बी चोरी, कारण ओरडलं तर कुणीतरी शिवंल. कल्याण दोन वर्षांचा व्हता, दारात उभा राहून रडायचा, मला जवळ घेता येत नव्हतं. सासू म्हणायची, तुझ्यानं वेल वाळंल. मी कधी वाळू दिला न्हाई. अन ही पोरगी चारी दिवस आत गेली अन काकड्या अशा लागल्या.

मंग मी तिथं कशाला बसले?

हे लिहायचं नव्हतं.

८ मे

काय करायचं ते मी ठरवलं अन केलं.

पहाटेच जाळीत जाऊन सगळीकडं गोमूत्र शिंपडलं. प्रत्येक वेलाच्या बुडाशी. मंग बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं. चार दिवस. बाईला बसवतेत तसं जाळीला बाजूला बसवलं. जे तिनं पाळलं न्हाई ते आता जाळीकडून पाळून घ्यायचं. चार दिवसांनी उघडून, परत नारळ फोडून, नव्यानं सुरू. कुणाला काही बोलायची गरज न्हाई. मोटार आपोआप चालू व्हती लाइट आली की, पाण्याची काळजी न्हाई. चार दिवसांनी काय बिघडतंय?

चावी माझ्या गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली.

हे सकाळच्या गाडीनं मंठ्याला गेले, भाचीच्या लग्नाला. ह्यांना कुलूप दिसलंच असंल जाताना. काही बोलले न्हाईत, नेहमीसारखं.

संध्याकाळी नंदा आल्ती. दारात उभी राहून म्हणली, "आत्याबाई, आतला पाण्याचा वॉल..." मी तोंड फिरवलं. म्हणले, मला तुझ्या तोंडून जाळीतला ज ऐकायचा न्हाई. ती गेली.

१० मे

घरात आम्ही दोघीच. ती स्वयंपाक करती, मी जेवते. ती भांडी घासती, मी पुसते. बोलणं न्हाई.

ऊन असं की पत्र्यावर कबुतर टेकत न्हाई. मी विहिरीवर जाऊन कान देऊन आले. मोटार बराबर चालू हाय. जाळीच्या बाहेरून बघितलं, हिरव्या जाळीतून सगळं हिरवंच दिसतं.

मला वाटलं व्हतं ती चावी मागायला येईल. एवढं म्हणली असती, आत्याबाई माझं चुकलं, तर मी त्याच वेळी काढून दिली असती. आज दिली असती. दुपारी तिच्या खोलीच्या दारावरून दोन चकरा मारल्या. फोनवर हळू बोलत व्हती. गर्व हाय पोरीला. माझ्यात बी कमी न्हाई.

१२ मे

चार दिवस पुरे झाले. सकाळी डोक्यावरून न्हाले, नारळ घेतला अन कुलूप काढलं. नंदाला हाक मारली. मी स्वतःहून हाक मारली, हे इथं लिहून ठेवते.

दार उघडलं तर आतून वाळल्या गवताचा वास आला. ओलीचा न्हाई. सगळे वेल सुतळीवर वाळून लोंबत व्हते. पानं हाताला लागली की चुरा. काकड्या अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या सुरकुतलेल्या. कारली फाटून तांबडी झालेली. खालची माती भेगाळलेली.

मी म्हणले, मोटार तर चालू व्हती. रोज चालू व्हती.

नंदा माझ्या बाजूनं आत गेली, कोपऱ्यात बसली अन लाल मुठीचा वॉल फिरवला. नळ्यांतून फुसफुस हवा आली अन मंग पाणी आलं. म्हणली, "पाणी देऊन झालं की मी आतून बंद करते. न्हाई तर एका बाजूला डबकं व्हतं. मोटारीचं पाणी मंग परत विहिरीत पडतं. मी सांगायला आल्ते."

आवाज चढवला न्हाई. रडली पण न्हाई. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, मला माहीत हाय मी घेतलं असतं.

मी नारळ तिथंच खाली ठेवला.

१३ मे

काल संध्याकाळी कल्याण आला. मंठ्याहून हे पण आले. दोघं बाप-लेक जाळीत जाऊन आले. हे बाहेर येऊन बाजेवर बसले अन पहिल्यांदा माझ्यावर बोलले. "तिला चार दिवस आत जाऊ दिलं न्हाईस तेव्हा पहिला बार गेला," म्हणले. "आता कुणालाच चार दिवस जाऊ दिलं न्हाईस."

मी म्हणले, तुम्ही मंठ्याला जाताना कुलूप बघितलं व्हतं का न्हाई?

हे म्हणले, बघितलं व्हतं.

मंग? मी एकटीच गुन्हेगार का ह्या घरात? एका शब्दानं बोलले असते तर? पण हे म्हणजे हेच. सगळं बघायचं अन मुकाट बसायचं.

कल्याण माझ्यावर ओरडला न्हाई. म्हणला, "माय, कंपनीत सोडतो म्हणून सांगितलं व्हतं. आता परत जाऊन पाया पडून जागा मागतो. नंदा येईल माझ्यासोबत."

मी म्हणले, पुढच्या उन्हाळ्यात परत लावू. मी नेम मोडते. घालते पाण्यात सगळे नेम. आत जा म्हणते तिला, रोज जा.

तो म्हणला, "तिला आता जाळीत जायचंच न्हाई, माय."

आज सकाळी गेले दोघं. नंदानं वाकून नमस्कार केला. मी म्हणले, जपून राहा. तिनं मान हलवली. जीपमध्ये खिडकीजवळ बसली व्हती, ऊन तोंडावर येत व्हतं, तरी पदर घेतला न्हाई.

कोपऱ्यातल्या ओलीवर चार काकड्या जित्या राह्यल्या व्हत्या. संध्याकाळी एक तोडून खाल्ली. कडू जहर. पाण्याचा ताण बसला की काकडी कडू व्हती, लहान पोरालाबी माहीत असतं. तरी मी पूर्ण खाल्ली.

२५ जून

पुष्पाबाई आल्ती. बाजेवर बसून इकडचं तिकडचं झालं अन म्हणली, "नंदाला कितवा चालूय आता?"

मी म्हणले, चौथा.

"जालन्याला ठेवली ते बरं केलं. दवाखाना जवळ असतो."

मी म्हणले, म्हणूनच ठेवली. तिनं घरच्या लिंबाचं लोणचं आणलं व्हतं नंदासाठी, बरणीभर. मी ठेवून घेतलं. नऊ महिने भरल्यावर हिला काय सांगायचं, ते अजून सुचलं न्हाई. बघू तेव्हाचं तेव्हा.

कल्याण परत भट्टीवर हाय. फोन करतो, दर रविवारी. नंदा कुठंय म्हणलं की कामात हाय म्हणतो. मी पण जास्त विचारत न्हाई.

विहिरीकडच्या बाजूचे कारल्याचे काही वेल बुडापासून परत फुटलेत. बाकीचे ह्यांनी उपटून टाकले, ते तेवढे राह्यले. रोज सकाळी मीच जाते. चष्मा काढून ठेवते, फूल डोळ्याजवळ घेतलं की नर-मादी दिसतं. हात बसलाय आता. माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, मला कुठलाच दिवस वर्ज्य न्हाई. आज पाटीभर कारली निघाली. ह्यांना कारलं आवडत न्हाई, अन घरात तिसरं माणूस न्हाई.